‘तुमको क्या फरक पडता?’ : जनगणना, जातीचा रकाना आणि आपण

जनगणना जवळ येऊ लागली तसा आपल्या मोहल्ल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागला आहे. जातीच्या रकान्यात सर्वांनी फक्त ‘मुस्लिम’ लिहावं, इस्लाममध्ये जात नाही, बिरादरीची नावं लिहून उम्मतचे तुकडे करू नयेत, असा त्याचा आशय. आमच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली ‘माशाअल्लाह’, ‘बिल्कुल सही’ अशी रांग लागली. आम्हीही ‘सही बात’ लिहून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मशिदीच्या ओट्यावर गादीवाले चाचा भेटले. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आता दुकानात फोमच्या गाद्याही ठेवतात. ग्रुपवर ते काही बोलले नव्हते. चपला घालता घालता एवढंच म्हणाले, “तुमको क्या फरक पडता, भाई? तुमे कुछ बी लिखो.”

टोमणा होता की नुसतं खरं बोलणं होतं, हे आम्हाला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. मग कळलं, की दोन्ही होतं.

आधी बातमीचा भाग. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. १६ जून २०२५ला अधिसूचना निघाली. मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. पहिला टप्पा घरयादीचा. माणसांची आणि त्यांच्या जातीची नोंद दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७मध्ये. जनगणनेतले जातींचे सविस्तर आकडे आपल्याकडे शेवटचे आहेत ते १९३१चे. २०११मध्ये सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना झाली होती, पण तिचे जातीचे आकडे बाहेर आलेच नाहीत. आता मुस्लिम घरांतही हा प्रश्न विचारला जाणार, असं छापून आलं आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण सुमारे १ कोटी ३० लाख, लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. पण या साडेअकरा टक्क्यांत कोण किती आणि कुणाची अवस्था काय, हे आजवर कुणी नीट मोजलेलं नाही.

बिहारने मोजलं. तिथल्या सरकारने २ ऑक्टोबर २०२३ला जातनिहाय सर्वेक्षणाचे आकडे जाहीर केले. मुस्लिम १७.७ टक्के निघाले, त्यातले बहुसंख्य मागास आणि अतिमागास. मोमीन-अन्सारी एकटेच साडेतीन टक्क्यांवर. आणि सय्यद? एक टक्कासुद्धा नाही, पाव टक्क्याच्याही आतच. आता आपल्या इथल्या अंजुमन, ट्रस्ट, शिक्षणसंस्था, पक्षांचे अल्पसंख्याक सेल आठवा आणि तिथल्या नावांचा हिशेब मनातल्या मनात करून पाहा. सफमध्ये आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, यात शंका नाही. ट्रस्टच्या बैठकीत मात्र ती सफ दिसत नाही.

आमचं घर काझी-इनामदारांचं. इनामाची जमीन कूळकायद्यात आणि भाऊबंदकीत केव्हाच आटली, आज आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. म्हणून आम्हाला कायम वाटत आलं, की आपण कसले मोठे? पुण्यात खोली बघायला गेलो तर नाव ऐकून ‘भाड्यानं गेली’ सांगतात, ते काय आम्ही काझी आहोत की पिंजारी हे विचारून सांगतात? ही तक्रार खरी आहे. ती आम्ही मागे घेणार नाही. नावावरून दार बंद होतं, तेव्हा ते सगळ्यांनाच बंद होतं.

पण आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात पणजोबांच्या सनदेची नक्कल, आजोबांचा शाळेचा दाखला, त्यांच्या नोकरीचे कागद, फाळणीबाराचे उतारे, सगळं कापडात गुंडाळून ठेवलेलं. आमच्या पुतण्याला ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढायचं होतं तेव्हा पेटी उघडली, झेरॉक्स काढल्या, पंधरवड्यात कागद हातात. त्या प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं, की हा मुलगा कुठल्याही आरक्षित जातीत मोडत नाही. म्हणजे ‘आम्हाला जात नाही’ या वाक्याचाही आमच्या घरी सरकारी उपयोग झाला, आणि ते आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पेटी ही श्रीमंती नव्हे, असं आम्ही आजवर समजत होतो.

गादीवाल्या चाचांची नात बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तिला फार्मसीला जायचं आहे. पिंजारी-नदाफ-मन्सुरी ही जात महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. बागवान, तांबोळी, मणियार, अत्तार, मोमीन, कुरेशी हेही आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत, मदारी आणि दरवेशी भटक्या जमातींत. हक्क आहे, यादीत नाव आहे, मग अडलं कुठे? कागदावर. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र काढायचं, तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीपासून घराणं इथलं असल्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे वडील, आजोबा, चुलत आजोबा यांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. आणि आपल्या मुलांच्या उताऱ्यावर जातीच्या रकान्यात काय असतं? ‘मुसलमान’. माळ्याच्या मुलापुढे ‘माळी’, सुताराच्या पुढे ‘सुतार’. आपल्यातल्या पिंजाऱ्याच्या, बागवानाच्या, तांबोळ्याच्या पुढे सरसकट ‘मुसलमान’. या एका शब्दावर किती अर्ज परत गेले असतील, ते सेतू केंद्राबाहेर एक दिवस बसणाऱ्याला विचारा.

चाचांच्या वडिलांचा उतारा आम्ही पाहिला. इयत्ता पहिली, गावचीच शाळा. जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’, आणि ते अक्षर आमच्या ओळखीचं.

आमचे आजोबा त्या शाळेत गुरुजी होते. ‘म’ची गाठ ते मोठी काढत; त्यांच्या डायऱ्या आमच्या पेटीत आहेत, म्हणून शंका घ्यायला जागा नव्हती. रजिस्टरात त्यांच्या हातच्या पानांवर आपल्या एकूण एक मुलापुढे ‘मुसलमान’. बाकीच्यांच्या जाती त्यांनी व्यवस्थित लिहिल्या आहेत. आम्हाला आजोबा आठवतात ते असेच. आपल्यात उच्च-नीच नसतं, हे ते घरात वारंवार सांगत. त्यांनी हे कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलं नाही, उलट आपल्या मुलांना जातीचा शिक्का लागू नये म्हणूनच केलं असणार. आरक्षण वगैरे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी इतक्या वर्षांनी एका मुलीचा दाखला त्यांच्या त्या चांगुलपणापाशी येऊन अडला आहे. आणि आमच्या पुतण्याचं काहीच अडलं नाही.

‘तुमको क्या फरक पडता’चा अर्थ हा होता. आजोबांनी ‘मुसलमान’ लिहिलं, त्याची किंमत आमच्या घराने दिली नाही. आता ग्रुपवर ‘मुस्लिम’ लिहा म्हणणारे जे आहेत, त्यांची नावं आम्ही पुन्हा वर जाऊन वाचली. बहुतेक आमच्यासारखेच. लिहून त्यांचं काही जाणार नव्हतं.

इथे दीनची बाजू स्पष्ट करायला हवी, नाहीतर मौलाना मंडळी रागावतील, आणि त्यांचा राग अगदीच गैर नसेल. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात हुजूर (स.) यांनी अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नसल्याचं बजावलं. हजरत बिलाल (र.) यांना अजानचा मान दिला. यात दुमत नाही. पण तो आपल्यासाठी हुकूम आहे. आपल्या वागण्याचा अहवाल नव्हे. हुकूम मशिदीत ऐकायचा आणि घरी येऊन रिश्त्याच्या बायोडाटात ‘खानदानी पठाण’, ‘सय्यद घराणे अपेक्षित’ लिहायचं, हे आपण सगळे करतो. बागवानाची मुलगी डॉक्टर असली तरी ‘पण बागवानच ना’ हे शब्द आमच्या बैठकीच्या खोलीत बोलले गेले आहेत, आमच्याच खालाजानकडून, आणि आम्ही चहा पीत राहिलो. कुणी विचारलंच तर ‘कुफू’चा मसला पुढे केला जातो. मग जनगणनेचा प्रगणक दारात आला की एकदम मसावात आठवते!

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६चा. आपण तो फक्त एका कामासाठी वापरतो : मुस्लिम किती मागे आहेत हे सरकारला सांगायला. त्याच अहवालात मुस्लिम ओबीसींवर एक अख्खं प्रकरण आहे. नमुना पाहणीच्या आकड्यांवरून त्यांनी मुस्लिमांत ४०.७ टक्के ओबीसी धरले, आणि आपल्या आत अश्रफ, अजलाफ, अरजल असे थर असल्याचं नोंदवलं. हे प्रकरण आपल्या सभांत कुणी वाचून दाखवल्याचं आम्हाला आठवत नाही. सगळ्यात खालच्या थराची गोष्ट तर आणखी वेगळी. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. मेहतरकाम करणारा मुस्लिम आजही बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७मध्ये धर्माची ही अट काढावी असं सांगितलं, ऑक्टोबर २०२२मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्यालाही मुदतवाढ मिळाली. यासाठी आपल्या गावात कधी मोर्चा निघाला का?

मोर्चा निघतो तो पाच टक्क्यांसाठी. २०१४च्या जुलैमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून मराठ्यांना सोळा आणि मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. आपलं शिक्षणातलं तेवढं राहू दिलं. पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि वटहुकूम संपला. अन्याय झाला, मागणी रास्त आहे. पण या पाच टक्क्यांच्या घोषणांत एक गोष्ट झाकली गेली : जे आरक्षण आपल्या बिरादऱ्यांना आधीच मिळालेलं आहे, ते कागदाअभावी पडून राहतं. त्यासाठी घोषणा लागत नाही, रेकॉर्ड रूमची धूळ खावी लागते. आणि ती आपल्यातल्या शिकलेल्यांनी खाल्ली नाही.

असं कुणीच केलं नाही, असंही नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी याच प्रश्नावर महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची संघटना उभी केली. १९९०च्या दशकात मंडलच्या निकालानंतर गावोगावी हिंडून, हिंदू ओबीसींचे जे हक्क तेच तशाच धंद्याच्या मुस्लिम जातींचे, हे त्यांनी पटवून दिलं. १९९४मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना तसा शासननिर्णय निघाला. या चळवळीच्या व्यासपीठांवर दिलीपकुमार येत. युसूफखान पेशावरचे, फळांच्या व्यापाऱ्याच्या घरातले, आणि त्यांना स्वतःला या आरक्षणातून काय मिळणार होतं? काही नाही. त्यांचं नाव ऐकून गर्दी जमायची, मंत्री भेटीची वेळ द्यायचे. आपल्या नावाचं वजन त्यांनी दुसऱ्याच्या मागणीखाली ठेवलं. आज दिलीपकुमार म्हटलं की आपल्याला ‘मुगल-ए-आझम’ आठवतो, हे आठवत नाही.

याच्या उलट उदाहरण अगदी अलीकडचं. मार्च २०१५पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. तेव्हापासून रस्त्यावर गाड्या अडवणं, मारहाण, जनावरं हिसकावणं हे सगळं प्रामुख्याने कुरेशी बिरादरीच्या वाट्याला आलं. २०२५च्या पावसाळ्यात त्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी-विक्रीच थांबवली. बाजार ओस पडले, म्हातारी जनावरं विकता येईनात म्हणून शेतकरीसुद्धा त्यांच्या बाजूने बोलले. आपण? आपण कोंबडी आणली. ‘ते कुरेशींचं मॅटर आहे’ हे वाक्य आम्ही कानांनी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तसंच समजत होतो. धंदा त्यांचा, केस त्यांच्यावर, आणि दस्तरखानावर वाटेकरी मात्र सगळे.

आता शंका राहते राजकारणाची. जुलै २०२२मध्ये हैदराबादच्या भाजप कार्यकारिणीत पंतप्रधानांनी पसमांदा मुस्लिमांचा विषय काढला, तेव्हापासून आपल्याकडे ‘पसमांदा’ शब्द उच्चारला की भुवया उंचावतात. फोडा आणि राज्य करा, असं म्हटलं जातं. ही भीती अनाठायी नाही. ज्यांच्या राज्यात कुरेशींच्या गाड्या अडवल्या जातात त्यांना मागासांचा कळवळा आला म्हणजे माणूस सावध होणारच. पण हा शब्द त्यांनी घडवलेला नाही. पाटण्याच्या अली अन्वर यांचं ‘मसावात की जंग’ २००१चं आहे, ती चळवळ त्याच्याही आधीची. आणि भेग आधीपासून नसती, तर दुसऱ्याला त्यात पहार घालता आली असती का? गादीवाल्या चाचांना कुणी परका येऊन तुम्ही वेगळे आहात असं सांगितलेलं नाही. त्यांना ते आमच्या बैठकीच्या खोलीने सांगितलं.

त्या ओट्यावरच्या बोलण्यानंतर आम्ही काय केलं, तर आधी चूकच केली. जुम्यानंतर मशिदीत पाच मिनिटं मागून घेतली आणि ‘आपल्या गरीब भाइयोंसाठी’ तळमळीने बोललो. लोकांनी माना डोलावल्या. चाचा मागच्या सफमध्ये खाली बघत बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “भाषण नक्को भाई. मेरेकू गरीब बी मत बोलो, दुकान है मेरा. तहसीलकू साथ चलो.”

तहसीलला गेलो. चाचा याआधी चार हेलपाटे घालून आले होते, दर वेळी ‘साहेब मीटिंगला गेलेत’. त्या दिवशी आम्ही आमचं नाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, तर बाबूने आम्हाला खुर्ची दिली. एकच खुर्ची. चाचा, ज्यांचं काम होतं आणि जे आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत, ते उभे. आम्ही उठलो, त्यांना बसवलं, पण बाबू बोलत राहिला आमच्याशीच. चाचांचा प्रश्न आम्ही पुन्हा विचारला की उत्तर मिळायचं. ही गंमत बराच वेळ चालली. शेवटी आम्ही “मला यातलं कळत नाही, यांनाच सांगा” म्हणून बाहेर जाऊन उभे राहिलो, तेव्हा कुठे दोघांचं बोलणं सुरू झालं.

ज्यांचे कागद असेच अडले आहेत त्यांच्यासाठी, त्या दिवशी आणि पुढच्या दोन महिन्यांत कळलं ते लिहून ठेवतो. शाळेच्या उताऱ्यावर ‘मुसलमान’ असलं म्हणून सगळं संपत नाही. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागता येतात. त्यात कधीकधी जात किंवा धंदा लिहिलेला असतो. जुनी खरेदीखतं, गहाणखतं, भाडेपट्टे पाहा. त्यात ‘धंदा’ असा शब्द जवळजवळ ठरलेला असे. आजोबांच्या भावांच्या, चुलत्यांच्या शाळा वेगळ्या असतील, तर तिथले उतारे काढा. सगळ्याच गुरुजींनी आमच्या आजोबांसारखं केलेलं नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल, तर त्याची प्रत आणि पक्की वंशावळ हा सगळ्यात मोठा आधार. मुलगी अकरावीत असतानाच सुरुवात करा. पडताळणीत दक्षता पथकाची चौकशी लागली की महिने जातात, आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही.

जनगणनेचं म्हणाल, तर प्रगणकाला काय सांगायचं हे ज्या-त्या घराने ठरवावं. आमच्यासारख्यांनी आपल्यापुरतं ‘मुस्लिम’ लिहावं, किंवा काझी लिहावं, आमचं काही बिघडत नाही. पण पिंजाऱ्याने, छप्परबंदाने, कुरेशीने काय लिहावं हे सांगणारा मेसेज आम्ही पुढे पाठवणार नाही. ग्रुपवर तसं लिहिलं. दोघे ग्रुप सोडून गेले, एकाने फोन करून ‘तुम्हालाही हवा लागली का’ विचारलं.

चाचांचं काम पूर्ण झालेलं नाही. त्यांच्या चुलत आजोबांचं एक जुनं खरेदीखत सापडलं, त्यात नावापुढे ‘धंदा पिंजारी’ असं मोडीतून उतरवलेलं आहे. ते जोडून दाखल्याचा अर्ज नव्याने गेला. मुलीने तो स्वतः भरला, आम्हाला हात लावू दिला नाही. आजोबांच्या अक्षराबद्दल आम्ही चाचांना एकदा धीर करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, गुरुजींनी मला फुकट पाटी दिली होती, ते पण लिहा. म्हणून लिहिलं.

परवा दुकानावर बोलावून चहा दिला. मोमीन गल्लीतल्या दोन घरांचे कागद असेच अडलेत म्हणाले, एक बाई विधवा आहे, तिला एकटीला रेकॉर्ड रूममध्ये उभं करत नाहीत. गुरुवारी वेळ आहे का?